सुभद्राबाईंची समुद्रापारची सावड

विजयश्रीने मोबाइल पुढे केला तेव्हा सुभद्राबाई थेरगावच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मेथी निवडत बसल्या होत्या. सुनेने दाखवलेल्या फोटोत निळाशार समुद्र होता, पांढरी वाळू होती आणि वाळूवर वाकलेला एक माड होता. दुसरं कोणी असतं तर 'वा' म्हणून मोकळं झालं असतं. सुभद्राबाईंनी चष्मा वर सारला, फोटोच्या अगदी कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही भेंडी हाय का गं?"

विजयश्रीने फोटो मोठा करून पाहिला. माडाच्या मागे खरोखरच भेंडीचे ताटवे होते.

"अंदमानातलं नील बेट आहे, आई. आता त्याला शहीद द्वीप म्हणतात. तिथले लोक शेतीच करतात. भाजी करायची आणि बोटीने पाठवायची."

"समुद्राच्या काठाला भेंडी," सुभद्राबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि हातातली जुडी देठांच्या ढिगात टाकून बसल्या. त्या दिवशी घरात देठांची भाजी झाली.

एकसष्ट वर्षांची बाई भेंडी बघून एवढी का हरखावी, हे सांगितलंच पाहिजे. चाकणच्या पलीकडे त्यांचं चार एकर रान होतं. सतरा वर्षांपूर्वी ते कारखान्यांसाठी गेलं. मोबदला चांगला मिळाला, थेरगावात डांगे चौकाजवळ फ्लॅट आला, मुलगा ज्ञानेश शिकून नोकरीला लागला. नवरा ज्ञानदेव त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कंपनीत सुरक्षारक्षक झाले. जिथे कुळव धरला, तिथेच गेटवर उभं राहून त्यांनी बारा वर्षं गाड्यांना सलाम ठोकला. ते सांगताना ते स्वतःच हसत. सुभद्राबाई हसत नसत. रान म्हणून मागे राहिला होता तो कंपनीच्या भिंतीबाहेरचा तीन गुंठ्यांचा त्रिकोणी तुकडा. त्यावर गाजरगवत आणि थर्माकोल यांचं पीक जोमात येई.

तक्रार करावी असं काही नव्हतं, पण सुभद्राबाईंचे हात शिवशिवत. बाल्कनीत त्या कोथिंबीर लावत. मात्र कुंडीतल्या शेतीला शेती म्हणायचं तर बादलीतल्या अंघोळीला पोहणं म्हणावं लागेल, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. रान गेलं त्याच वर्षी जत्रेला गेल्या असताना चुलत जाऊ कुसुमताईंच्या रानात कांद्याची लागण चालू दिसली. बायका सावडीवर आल्या होत्या. सावड म्हणजे आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या. पैशाचं नाव काढायचं नाही, पण दिवसाला दिवस चुकता परत करायचा. सुभद्राबाई पदर खोचून सरीत उतरल्या, तशी कुसुमताईंनी त्यांच्या हातातली रोपं हळूच काढून घेतली. "वैनी, तुमी बसा बांधावर, च्या घ्या. तुमी पाव्हण्या." त्यांचंही चुकलं नव्हतं. ज्याला रान नाही त्याच्याशी सावड कशी करणार? परतफेड करायला जायचं कुठे? सुभद्राबाईंनी चहा प्यायला. पण तो 'पाव्हण्या' शब्द त्यांच्या घशात जो अडकला तो सतरा वर्षं तसाच होता. त्यांना आयुष्यात एकदा, फक्त एकदा, परत कुणीतरी सावडीला धरायला हवं होतं.

म्हणून दिवाळीनंतर अंदमानला जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी समुद्राबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ज्ञानेशची रजा रद्द झाली, तो लोहगावच्या विमानतळावर सोडायला आला. सासू-सासरे आणि सून असे तिघे आत गेले, आणि तपासणीच्या यंत्राशी सुभद्राबाईंची पिशवी अडली. दशम्यांच्या डब्याखालून खुरपं निघालं.

तपासणारी मुलगी खुरप्याकडे बघत राहिली. विजयश्रीला वाटलं, ही फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"हे कशाला घेतलंय, काकू?"

"वाटंत रान लागलं तर?" सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांना यात न कळण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"बारा वर्षं म्या लोकांच्या पिशव्या तपासल्या," ज्ञानदेव म्हणाले, "आन् घरच्याच पिशवीतला माल सुटला." ज्ञानेश अजून बाहेरच होता. खुरपं त्याच्या स्वाधीन झालं आणि रिक्षाने थेरगावला परत गेलं.

पुढचं विमान, दुसरं विमान, पोर्ट ब्लेअर, बोट, यांतलं सुभद्राबाईंना फारसं आठवत नाही. नील बेटाच्या धक्क्यावर पाय ठेवला तिथपासूनचं मात्र सगळं आठवतं. रिक्षा अरुंद रस्त्याला लागली आणि दोन्ही बाजूंनी रानं सुरू झाली. मग काय विचारता. सुभद्राबाई अर्ध्या रिक्षाबाहेर आल्या आणि शाळेतली हजेरी घेतल्यासारखी पिकांची नावं घेऊ लागल्या. "केळी. सुपारी. त्ये बघा कारलं, मांडवावर चढवलंय. आवं, भात कापून झालाय, भारे बांधल्यात. टम्याटू. ही कोन माती म्हनावी, काळी का तांबडी?"

"अगं, आत बस," ज्ञानदेव म्हणाले. "पडशील आन् तुझीच लागण व्हईल."

त्या हसायला लागल्या आणि मग हसू थांबेचना. रिक्षावालाही हसायला लागला, का ते त्याला माहीत नसताना. विजयश्रीने सासूला इतकं हसताना लग्नानंतरच्या सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने गुपचूप व्हिडिओ काढला.

समुद्रही होताच. तो इतका स्वच्छ होता की गुडघाभर पाण्यात पायाची नखं मोजावीत. सगळे पर्यटक किनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे तोंड करून फोटो काढत होते, आणि त्यांच्यात एकच बाई समुद्राकडे पाठ करून उभी होती. तिला मागची भोपळ्याची वेल बघायची होती.

विजयश्री चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात प्लॅनिंगमध्ये होती. तिने सहलीचा तक्ताच केला होता. दुसऱ्या दिवशी दहा वाजता काचेच्या तळाची बोट, साडेबाराला जेवण, अडीचला धक्का, तीनला परतीचं जहाज. म्हणजे सुभद्राबाईंच्या हातात फक्त सकाळ होती. दहाला त्या कपाळावर आठ्या घालून म्हणाल्या, "माझं पाय दुखत्यात. तुमी बापलेक जावा बोटीत, मी बसते हितंच." सुनेला त्या लाडात आल्या की लेक म्हणत. आज लाडाचं कारण वेगळं होतं.

बोट दहा हात पाण्यात गेली न गेली, तोच दुखरे पाय तरातरा निघाले. माडांमागची गल्ली, एक तळं, बांबूचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे ओढलेल्या ताज्या सऱ्या. सरीच्या टोकाला चाळिशीची एक बाई एकटीच बसली होती. शेजारी टोपलीभर वांग्याची रोपं होती, आणि ती उन्हात माना टाकू लागली होती. रोपं उपटून ठेवली आणि लावणारं कोणी नाही, हे सुभद्राबाईंना कोणी सांगावं लागलं नाही.

त्या बाईचं नाव पारुल. मदतीला येणारी शेजारीण तापाने आडवी झाली होती आणि नवरा भाजी घेऊन पोर्ट ब्लेअरला गेला होता. पण हे नंतर कळलं. आधी पारुलने ओळखलं की आली आणखी एक पर्यटक. तिने सवयीने एक रोप सुभद्राबाईंच्या हातात दिलं, शेजारी उभी राहिली आणि फोटोसाठी छान हसली. फोटो काढायला कोणीच नव्हतं.

सुभद्राबाईंनी चपला बांधाबाहेर काढल्या. सरीच्या बगलेला दोन बोटांनी भोक पाडलं, रोप सोडलं, अंगठ्याने माती दाबली, आणि मग पान चिमटीत धरून हलकंसं ओढून पाहिलं. रोप हललं नाही. पारुलचं फोटोतलं हसू गेलं आणि तिने नीट वर बघितलं.

"खेत है तुम्हारा?" तिने विचारलं.

नाही म्हटलं की पुढचं सुभद्राबाईंना पाठ होतं. या बसा, चहा घ्या, तुम्ही पाहुण्या. टोपलीतल्या रोपांनी आणखी थोडी मान टाकली.

"हाय," त्या म्हणाल्या. "चाकण में. कांदा करते." कांदा पारुलला कळेना, तेव्हा त्यांनी चिरून, डोळे पुसून दाखवला. मग कळला. लगोलग त्यांनी सौदा मांडला. आपलं मराठी हिंदीसारखं बोललं की हिंदी होतं, यावर त्यांचा विश्वास होता. "पैशा न्हाई. आज मैं तुम्हारे इधर, बाद में तुम हमारे इधर. दिन को दिन."

पारुलला शब्द कळले नसतील, पण रीत कळली. त्यांच्याकडेही असंच चाले, नाव तेवढं वेगळं. तिने हात पुढे केला, मातीचाच, आणि सुभद्राबाईंनी तो धरला. झाली सावड.

मग सुभद्राबाईंच्या अंगात जे काही आलं ते काय वर्णावं. साठीची कंबर विशीतली झाली. पारुल या सरीला, सुभद्राबाई त्या सरीला. हात आपोआप चालत होते. भोक, रोप, दाब, चिमटी. घाम नाकावरून टपकत होता आणि त्या मध्येच आपल्या आपण खुदकन हसत होत्या. माडांच्या फटींतून समुद्र दिसत होता. असू दे बापडा, त्यांनी त्याला माफ केलं होतं. त्यांना इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

तिसऱ्या सरीला पारुल सहज म्हणाली की तिची मोठी मुलगी तिकडेच पुण्याकडे नर्स आहे, चिंचवडला. जानेवारीत ती मुलीकडे जाणार आहे. तेव्हा एक दिवस कांद्याला नक्की येईल.

सुभद्राबाईंच्या हातून रोप पडलं. त्यांनी ते उचललं, उलटं लावलं, परत उपटून सुलटं लावलं.

साडेबाराला ज्ञानदेव शोधत आले. बायकोला सरीत पाहून ते बांधावरच थांबले. "अगं, पाय दुखत व्हतं ना तुझं?"

"मातीत ऱ्हाइलं थोडं."

"तीनला जहाज हाय. ऊठ."

"अर्धी सरी टाकून उठायचं असतंय व्हय? पाच ऱ्हाइल्यात. सावड केलीय म्या."

ज्ञानदेवांनी टोपलीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. शेतकऱ्याला माना टाकलेली रोपं दाखवली की बाकीचं बोलावं लागत नाही, मग तो बारा वर्षं गणवेशात का असेना.

दीडला विजयश्री आली. ती रागाने लाल झाली होती, कारण तक्त्यातलं जेवण बुडालं होतं. तिने एक सासू, एक सासरे, साडेतीन सऱ्या आणि घड्याळ बघितलं. मग तिच्यातली प्लॅनिंगवाली जागी झाली. "असं एकेकाने एकेक सरी धरून तीनपर्यंतही होणार नाही. अप्पा, तुम्ही फक्त भोकं पाडत पुढे चला. मी रोप टाकत येते. आई आणि ताई मागून दाबत येतील. कोणी थांबायचं नाही."

"ह्ये काय गाडीचं चाक बशिवतीस का?" सुभद्राबाई म्हणाल्या. रोपाचं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हाताने करायचं, अशी त्यांची रीत. पण ज्ञानदेव भोकं पाडत सुटले, सुनेचे हात भराभर चालले, आणि मागून दाबताना दोघींची अशी धांदल उडाली की पारुल हसून हसून सरीतच बसली. एक रोप ज्ञानदेवांच्या अंगठ्यावरच लागता लागता राहिलं. सव्वादोनला टोपली रिकामी झाली, आणि पारुलने मुलीचा नंबर विजयश्रीच्या मोबाइलमध्ये घालून दिला.

धक्क्यावर वेळेत पोचायला एकच वाहन होतं, ते म्हणजे भाजीचा टेम्पो. तिघे कोबीच्या पोत्यांवर बसून निघाले. पारुल कुंपणाशी उभी राहून हात हलवत होती आणि ओरडून सांगत होती, "जनवरी!" सुभद्राबाईंनीही हात हलवला, जरा जपून. जहाजाच्या रांगेत पांढऱ्या टोप्या आणि काळे चष्मे उभे होते, आणि त्यांच्यात हे तिघे गुडघाभर चिखलातले. विजयश्रीच्या केसांत कोबीचं पान होतं. ते तिला जहाज सुटल्यावर कोणीतरी सांगितलं.

बेट हिरव्या रेघेएवढं झालं तेव्हा सुभद्राबाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "म्या खोटं बोलले."

"काय?"

"आपलं रान हाय म्हनलं. कांदा करतो म्हनलं."

ज्ञानदेव कठड्याला धरून हसले. चांगले पोट धरून हसले.

"जानेवारीत येती ती. सावड फेडाया."

ज्ञानदेवांचं हसू जागच्या जागी थांबलं.

थेरगावला आल्यावर पहिले आठ दिवस सुभद्राबाईंना झोप लागेना. पारुलला खरं सांगावं तर ती सावड नव्हतीच, एका बिनरानाच्या बाईने तिला फसवलं, असं ठरणार. काही न सांगावं तर ती कांदा लावायला येणार कुठे? नवव्या दिवशी त्यांनी थेट चाकणची बस धरली आणि त्या तीन गुंठ्यांच्या तुकड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. गाजरगवत छातीला लागत होतं. त्यांनी पिशवीतून विमानतळावरून परत आलेलं खुरपं काढलं.

तीन पोती थर्माकोल निघाला, दोन पोती बाटल्या निघाल्या, एक आख्खी खुर्ची निघाली. ज्ञानदेव दुसऱ्या दिवसापासून आले. ज्ञानेशने एका रविवारी भाड्याचा छोटा ट्रॅक्टर आणून आडवंउभं नांगरलं आणि दोन दिवस पाठ धरून बसला. गेटवरचे साहेबराव ज्ञानदेवांचे जुने जोडीदार. त्यांनी साहेबांना विचारून बागेच्या पाण्याची नळी भिंतीवरून अलीकडे टाकली. रोपं मागायला सुभद्राबाई कुसुमताईंकडे गेल्या. कुसुमताईंनी रोपं दिली, आणि "कशाला गं?" असं विचारायचं होतं ते त्यांचं तोंड बघून विचारलं नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पारुल आली. सुभद्राबाई आणि विजयश्रीने तिला चिंचवडहून रिक्षाने आणलं. वाटेत सुभद्राबाईंनी मनातल्या मनात हिंदी घोकलं. रिक्षा थांबली. एका बाजूला कंपनीची उंच भिंत, भिंतीपलीकडे नव्या गाड्यांच्या रांगांची टपं चमकत होती, आणि अलीकडे कोपऱ्यात तीन गुंठे ओल्या काळ्या मातीच्या सऱ्या.

"झूठ बोला मैंने," सुभद्राबाई खाली बघत म्हणाल्या. "खेत उधर था." त्यांनी भिंतीकडे हात केला. "अब इतनाच है. ये भी तुम आने वाली थी करके किया."

पारुलने भिंतीकडे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं, सऱ्यांकडे पाहिलं. सुभद्राबाईंना वाटलं, आता ही म्हणणार, चला, चहा घेऊ. पारुलने चपला काढून बांधाबाहेर ठेवल्या, पदर खोचला आणि हात पुढे केला.

"कहाँ से शुरू?"

सुभद्राबाईंनी तिच्या हातात खुरपं दिलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही, कांद्याची रोपं होतीच निमित्ताला.

तीन गुंठ्यांचं काम ते केवढं, दुपारपर्यंत उरकलं असतं. पण पारुल घाई करीना. एकेक रोप ती असं लावत होती जणू शंभर एकर पडलेत आणि वर्षभर वेळ आहे. सरी संपली की मागे वळून पुन्हा दाबत येई. दुसऱ्या शिफ्टच्या बसगाड्या भरून आल्या, पहिलीच्या भरून गेल्या, तरी दोघी खाली वाकलेल्याच. खिडक्यांतून लोक बघत होते. ज्ञानदेव बांधावर बसून त्यांना उगीचच सलाम ठोकत होते. ऊन भिंतीपलीकडे उतरलं तेव्हा शेवटची सरी भरली.

पारुलने हात झटकले आणि बोटांवर हिशेब केला. त्या दिवशी सुभद्राबाईंनी तिच्याकडे अर्धा दिवस केला होता, आज तिने इथे पूर्ण केला. "आधा दिन बाकी," ती डोळे मिचकावून म्हणाली.

तिला चिंचवडला सोडून रिक्षा थेरगावकडे वळली. नखांतली माती सुभद्राबाईंनी मुद्दाम काढली नव्हती.

"विजू, तिकडं वांगी तोडायला कवा येत्यात?"

"परत अंदमान, आई? आणि बाकी कसली? अप्पांनी दोन तास केले, मी पाऊण तास केला. आमचं धरलं तर फिटलं की सगळं."

"तुमचं कशाला धरायचं?" सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमी पाव्हणे व्हता. सावडीला मी व्हते."